तीन ओळी वर, तीन ओळी खाली

जुन्या मराठी पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्र असायचे. ‘पान ४७, ओळ १२ : पराजय ऐवजी पराक्रम वाचावे.’ खिळे जुळवताना राहून गेलेल्या चुका प्रकाशक अशा अर्ध्या पानात आटोपत असे, कारण अख्खा फर्मा पुन्हा छापणे परवडण्यासारखे नव्हते. हौशी वाचक पेन्सिल घेऊन बसायचा आणि एकेक चूक जागच्या जागी दुरुस्त करायचा. ही सोय चालायची ती एकाच अटीवर : वाचकाच्या हातातली प्रत आणि शुद्धिपत्र लिहिणाऱ्यासमोरची प्रत हुबेहूब एकच असली पाहिजे. पुढच्या आवृत्तीत पहिल्या प्रकरणात चार पानांची भर पडली, की सत्तेचाळिसावे पान एक्कावन्नावे होते आणि ते शुद्धिपत्र रद्दीत जाते.

सोर्स कोडचा पॅच हे असेच एक शुद्धिपत्र आहे, आणि त्याच्यापुढची अडचणही हीच आहे. सोर्स कोड म्हणजे माणसाने लिहिलेला, माणसाला वाचता येणारा मजकूर, ओळींवर ओळी. त्यातल्या दहा ओळी बदलल्या म्हणून दहा लाख ओळींचा गठ्ठा पाठवण्यात अर्थ नाही. बदल तेवढा पाठवावा. पण ज्याला पाठवायचा त्याच्याकडची प्रत कुठली आहे, त्याने स्वतः तीत काय फिरवाफिरव केली आहे, त्याच्या यंत्रावर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम चालते, हे पाठवणाऱ्याला ठाऊक नसते. न पाहिलेल्या प्रतीसाठी शुद्धिपत्र लिहायचे, हा या प्रकरणाचा विषय.

आधी फरक शोधता यायला हवा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे, बेल लॅब्जमध्ये, डग्लस मॅक्इलरॉय यांनी ‘डिफ’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. युनिक्समध्ये एका प्रोग्रॅमचे उत्पादन थेट दुसऱ्याच्या तोंडी देणाऱ्या ‘पाइप’ची कल्पना मांडणारे ते हेच. १९७४ मध्ये युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीबरोबर डिफ लोकांच्या हाती आला आणि १९७६ मध्ये मॅक्इलरॉय आणि जेम्स हंट यांनी त्यामागचे गणित प्रसिद्ध केले. दोन फाइली समोर ठेवायच्या आणि दोन्हींत त्याच क्रमाने येणाऱ्या ओळींची सगळ्यात लांब मालिका शोधायची. जुन्या फाइलमध्ये या मालिकेबाहेर जे उरले ते ‘काढलेले’, नव्या फाइलमध्ये उरले ते ‘घातलेले’.

यातली गोम अशी, की तुम्ही काय केले हे डिफला माहीत नसते. तो दोन टोके पाहून मधला प्रवास ताडतो. महिरपी कंसांच्या भाषांमध्ये हे गमतीदार दिसते. दोन फंक्शनांच्या मध्ये तुम्ही तिसरे लिहिता. डिफ मात्र कधीकधी सांगतो, की आधीच्या फंक्शनचा शेवटचा कंस तुमचा आहे आणि तुमच्या फंक्शनचा कंस जुनाच आहे. सगळे कंस सारखेच दिसत असल्यामुळे हिशेब बरोबर सुटतो, वाचणाऱ्याच्या डोळ्यांना मात्र खटकतो. पुढे १९८६ मध्ये युजीन मायर्स यांनी जास्त चपळ रीत दिली आणि कोडच्या आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या आजच्या गिटमध्येही मुळात तीच वापरली जाते. ताडण्याचा स्वभाव मात्र तसाच राहिला.

डिफ जे छापायचा ते सुरुवातीला शुद्धिपत्रच होते : अमुक ओळ बदला, तमुक ओळीनंतर हे घाला. त्याचा एक प्रकार तर थेट ‘ईडी’ या एडिटरला देता येतील अशा आज्ञांचा होता. या आज्ञा डिफ मुद्दाम शेवटाकडून सुरुवातीकडे लिहायचा. वरची ओळ आधी काढली तर खालच्या सगळ्या ओळींचे क्रमांक सरकतात. खालून वर गेले की सरकण्याचा त्रास नाही. चलाख योजना. पण ती एकाच फाइलपुरती पुरते. समोरच्याच्या प्रतीत वरती तीन ओळींची टीप वाढलेली असेल, तर ईडी निमूटपणे चुकीच्या तीन ओळी उडवेल, आणि त्याला त्याचे काहीच वाटणार नाही.

मे १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ हा प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला केला. पर्ल ही त्यांची भाषा यायला अजून दोन वर्षे होती. तो काळ असा, की अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्ये आणि कंपन्यांमध्ये वेगवेगळ्या बनावटीची युनिक्स यंत्रे होती. प्रत्येक ठिकाणचा व्यवस्थापक आलेला कोड आपल्या यंत्रावर चालावा म्हणून त्यात थोडीफार ढवळाढवळ करायचा. म्हणजे मूळ लेखकाची दुरुस्ती येईपर्यंत कुणाचीच प्रत मुळासारखी उरलेली नसायची. वॉल यांनी हे वास्तव गृहीत धरले, आणि माझ्या मते या प्रोग्रॅमची सारी थोरवी त्यात आहे.

ओळ क्रमांकावर विसंबायचे नाही, शेजारच्या ओळी पाहायच्या. बर्कलीच्या युनिक्समधला डिफ तोवर बदललेल्या ओळीच्या आजूबाजूच्याही काही ओळी छापू लागला होता, माणसाला वाचायला बरे म्हणून. वॉल यांच्या पॅचने त्या शेजारावरून जागा ओळखायला सुरुवात केली. सांगितलेल्या क्रमांकावर तो आधी जाऊन पाहतो. शेजार जुळला नाही तर थोडा पुढे, थोडा मागे, आणखी पुढे, आणखी मागे असा शोध घेतो. सापडले तर बदल करतो आणि वर सांगतो, की जागा बारा ओळी सरकलेली होती. तरीही नाही सापडले, तर शेजाराची अगदी कडेची ओळ विसरून पाहतो, मग कडेच्या दोन. या सवलतीला ‘फझ’ म्हणतात आणि ती सहसा दोन ओळींच्या पुढे जात नाही. तेवढ्यानेही जमले नाही, तर तो तुकडा, म्हणजे ‘हंक’, वेगळ्या ‘रिजेक्ट’ फाइलमध्ये काढून ठेवतो आणि पुढच्या तुकड्याकडे वळतो. मूळ फाइलची प्रतही बाजूला ठेवतो.

त्याचे बोलणेही वॉल यांच्याच वळणाचे आहे. बडबडीची सूचना दिली तर फाइल पाहताना तो आधी ‘हं...’ करतो आणि मग हे आपल्याला युनिफाइड डिफसारखे दिसते आहे असे कळवतो. भलतीच फाइल दिली तर यात निव्वळ कचरा सापडला म्हणून सांगतो. एकदा लावलेला पॅच पुन्हा लावायला गेलात, तर तो थांबतो : हा उलटा आहे किंवा आधीच लावलेला आहे, उलटा धरू का? ‘पॅच लागला’, ‘पॅच लागत नाही’, ‘तिसरा हंक आपटला’ ही आज पुण्या-बंगळुरूच्या कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत ऐकू येणारी भाषा मुळात या प्रोग्रॅमच्या तोंडची आहे.

आज सगळीकडे दिसतो तो युनिफाइड डिफ ऑगस्ट १९९० मध्ये वेन डेव्हिसन यांनी आणला. जुन्या पद्धतीत शेजार दोनदा छापला जायचा, एकदा जुन्या रूपात, एकदा नव्या. डेव्हिसन यांनी दोन्ही एकाच पट्टीत गुंफले. पुढच्याच वर्षी ग्नू डिफने ते रूप उचलले. डिफला विषयाचे सोयरसुतक नसते, कुठलाही मजकूर चालतो. म्हणून नमुन्यासाठी कोडऐवजी पाककृतीची फाइल घेऊ. उपवासाच्या खिचडीत कुणीतरी मोहरी लिहून ठेवली आहे, ती काढायची आहे. (आकडे इथे देवनागरीत आहेत, संगणकाला ते इंग्रजीच लागतात.)

--- अ/उपवास/खिचडी
+++ ब/उपवास/खिचडी
@@ -४,७ +४,८ @@
 साबुदाणा चार तास भिजवावा.
 दाण्याचे कूट त्यात कालवून ठेवावे.
 कढईत तूप तापवावे.
-मोहरीची फोडणी करावी.
+जिऱ्याची फोडणी करावी.
+हिरव्या मिरच्या त्यात परतून घ्याव्यात.
 साबुदाणा घालून मंद आचेवर परतावा.
 वाफ आली की मीठ आणि साखर घालावी.
 वरून ओले खोबरे पेरावे.

पहिल्या दोन ओळी जुन्या आणि नव्या फाइलची नावे सांगतात. तिसरी म्हणते : जुन्या फाइलमध्ये चौथ्या ओळीपासून सात ओळी, नव्या फाइलमध्ये चौथीपासून आठ. पुढचा सगळा मजकूर म्हणजे एक हंक. प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर मजकुराचे नसून खूण आहे. उणे म्हणजे काढा, अधिक म्हणजे घाला, आणि रिकामी जागा म्हणजे ही शेजारची, तिला हात लावू नका. वर तीन, खाली तीन. समोरच्याच्या फाइलमध्ये खिचडीच्या आधी वऱ्याच्या तांदळाची कृती वाढलेली असली तरी हा पॅच लागेल. त्याने ‘दाण्याचे कूट’ काढून तिथे ‘शेंगदाण्याचे कूट’ केले असेल तरी फझच्या सवलतीत बहुधा लागेल. त्याने आधीच मोहरीच्या जागी जिरे लिहिले असेल तर लागणार नाही, आणि लागू नयेच.

नावांपुढचे ‘अ’ आणि ‘ब’ हे खरे फोल्डर नव्हेत. गिट जुन्या-नव्याचा फरक कळावा म्हणून ती अक्षरे पुढे जोडते. म्हणून पॅच लावताना ‘पी-एक’ असा पर्याय द्यावा लागतो : नावाच्या सुरुवातीचा एक मजला उडवून मग फाइल शोध. ‘पी-शून्य’ म्हणजे नाव जसेच्या तसे घे. नवखी माणसे सगळ्यात जास्त अडकतात ती इथे. कोडमध्ये काही बिघाड नसतो, फक्त ती एक मजला वर किंवा खाली उभी असतात. पॅच विचारतो, कुठल्या फाइलला लावू? हा प्रश्न दिसला की उत्तर टाइप करण्याआधी आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत ते पाहावे.

इथवर सगळे एकाच घराण्यातले. युनिक्सवरून युनिक्सवर. विंडोजची वेस ओलांडली की जे बिघडते ते डोळ्यांना दिसत नाही.

ओळ संपली हे फाइलमध्ये कसे लिहायचे? टेलिटाइप यंत्राच्या जमान्यात त्याला दोन हालचाली लागत : छापणारा भाग डावीकडे परत आणणे आणि कागद एक ओळ वर सरकवणे. दोन्हींना स्वतंत्र चिन्हे, क्रमांक १३ आणि १०. युनिक्सने फाइलमध्ये फक्त १० ठेवले. कागद हलवायची काळजी यंत्राच्या ड्रायव्हरने घ्यावी. सीपी/एम आणि तिच्यामागून डॉस यांनी १३ आणि १० ही जोडगोळी ठेवली, ती विंडोजकडे वारशाने आली. जुन्या मॅकिंटॉशने फक्त १३ घेतले, आणि २००१ मध्ये मॅक ओएस टेनबरोबर अ‍ॅपल युनिक्सच्या पंगतीला येऊन बसली. तीन घरे, तीन रिवाज. पडद्यावर तिन्ही फाइली सारख्याच.

पॅचच्या लेखी मात्र ‘कढईत तूप तापवावे’ आणि शेवटी अदृश्य १३ लागलेले ‘कढईत तूप तापवावे’ या दोन वेगळ्या ओळी आहेत. शेजार जुळत नाही, सगळे हंक आपटतात, आणि माणूस दोन्ही मजकूर शेजारी ठेवून डोके खाजवत बसतो. ग्नू पॅचच्या नव्या आवृत्त्यांनी निदान कारण सांगायला सुरुवात केली आहे : ओळींचे शेवट वेगळे आहेत, असे त्या म्हणतात. विंडोजवर बराच काळ चालणारी ग्नूविन३२ची २.५.९ ही आवृत्ती एवढी सभ्य नव्हती. युनिक्स पद्धतीच्या ओळींची पॅच फाइल दिली की ती ‘असर्शन फेल्ड’ म्हणून ‘पॅच.सी’ या स्वतःच्याच सोर्स फाइलमधल्या ३५४ व्या ओळीचा पत्ता द्यायची आणि कोसळायची. उपाय दोनच होते : पॅच फाइलच्या ओळी डॉसच्या करून घ्यायच्या, नाहीतर ‘बायनरी’ हा पर्याय देऊन तिला सांगायचे, की बाई, अक्षरे आहेत तशी घे, तुझे शहाणपण चालवू नको.

त्याआधी ती सुरू तर व्हायला हवी. विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने एक पहारा बसवला. ३२-बिट प्रोग्रॅमला अधिकारांची चिठ्ठी जोडलेली नसेल आणि त्याच्या नावात ‘सेटअप’, ‘इन्स्टॉल’, ‘अपडेट’ असे शब्द असतील, तर तो नवे काहीतरी बसवायला आला आहे असे विंडोज समजते आणि प्रशासकाची परवानगी मागते. ‘पॅच’ हा शब्दही त्याच संशयितांत. म्हणजे घरच्या फोल्डरमधल्या एका मजकूर फाइलच्या दोन ओळी बदलायला आलेल्या या गरीब प्रोग्रॅमला केवळ नावापायी दारात अडवले जायचे. लोकांनी त्याला ती चिठ्ठी, म्हणजे मॅनिफेस्ट, जोडून दिली. ज्यांना तेवढी उस्तवार नको होती त्यांनी फाइलचे नावच बदलले. आता बहुतेक जण गिट फॉर विंडोजबरोबर येणारा पॅच वापरतात आणि हे दुखणे मागे पडले आहे. खुद्द विंडोजच्या नोटपॅडला युनिक्सच्या ओळी नीट तोडून दाखवायला २०१८ उजाडले. तोवर लिनक्सवरून आलेली फाइल त्यात एकाच लांबलचक ओळीत दिसायची.

गिटने यावर तोडगा काढताना एक नवा घोळही आणला. विंडोजवर बसवताना ती विचारते, की कोड खाली उतरवताना ओळी विंडोजच्या करू आणि वर चढवताना युनिक्सच्या करू का? बहुतेक जण हो म्हणतात. कोडसाठी ते ठीक. पण प्रकल्पातच एखादी पॅच फाइल ठेवलेली असेल, तर तिच्याही ओळी बदलतात, आणि ती ज्या फाइलला लावायची ती एखाद्या संकुचित गठ्ठ्यातून, युनिक्सच्या ओळींसह, बाहेर येणार असते. पॅच लिनक्सवर लागतो, विंडोजवर लागत नाही, आणि दोघांकडे ‘तीच’ फाइल असते. असा प्रकल्प चालवणाऱ्याने ‘गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ फाइलमध्ये एक ओळ लिहून पॅच फाइलींना हात लावू नकोस असे गिटला बजावून ठेवले, तर पुढच्यांचे हाल वाचतात.

अदृश्य फरक ओळीच्या शेवटीच असतो असे नाही. मराठी भाषांतराच्या फाइली सांभाळणाऱ्यांना एक खास आपला अनुभव येतो. वरच्या नमुन्यातला ‘जिऱ्याची’ हा शब्द घ्या. त्यातला तो आडवा रफार युनिकोडमध्ये दोन वाटांनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलन्त. दोन, साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे. यूटीएफ-८ मध्ये पहिल्या वाटेने ६ बाइट लागतात, दुसरीने ९. एकाने लिनक्सवरच्या कीबोर्डने एका वाटेने लिहिले आणि दुसऱ्याच्या विंडोजमधल्या साधनाने दुसऱ्या वाटेने, तर डिफ म्हणतो ओळ बदलली, आणि वाचणारा म्हणतो यात बदलले काय? युनिकोडचे प्रमाणीकरण केले तरी या दोन वाटा एक होत नाहीत. ‘जिऱ्याची’ ही ओळ पुढच्या एखाद्या पॅचमध्ये शेजार म्हणून आली, की तो पॅच लागेल की नाही हे कीबोर्डवर ठरते. गटाने एक वाट ठरवून घ्यावी हे बरे.

फाइलींच्या नावांचाही असाच प्रकार. लिनक्सला मोठी आणि छोटी लिपी वेगळी वाटते. विंडोज आणि मॅक यांना सर्वसाधारणपणे ती एकच वाटते. लिनक्स कर्नेलच्या नेटफिल्टर विभागात केवळ मोठ्या-छोट्या अक्षरांनी वेगळ्या पडणाऱ्या फाइलींच्या जोड्या आहेत. साध्या मॅकवर तो कोड उतरवला, की एक फाइल दुसरीच्या डोक्यावर बसते, आणि कुणी कशाला हात न लावता गिट ‘बदल झाला’ म्हणून ओरडते. तिथे डिफ घेतला तर कुणीच न केलेला बदल पॅच बनून बाहेर पडेल. त्याच कर्नेलच्या नूवो ड्रायव्हरमध्ये ‘ऑक्स.सी’ नावाची फाइल आहे. विंडोजच्या लेखी ऑक्स हे डॉसच्या काळापासून एका पोर्टचे राखीव नाव. त्या नावाची फाइल तिथे सरळपणे उतरवताच येत नाही. कंपाइल करणे दूरच.

पॅच नावाचा प्रोग्रॅमही सगळीकडे एकच नाही. पॉझिक्स या प्रमाणाने १९९२ मध्ये त्याची व्याख्या केली, पण युनिफाइड रूप त्यात २००८ मध्ये आले. मधल्या काळात सोलारिससारख्या व्यापारी युनिक्सांवरचा मूळ पॅच युनिफाइड डिफ पाहून गोंधळायचा आणि जाणकार ‘जीपॅच’ या नावाने ग्नूचा पॅच शेजारी बसवायचे. बीएसडीवाल्यांचा पॅच वेगळ्या शाखेतला. ईडीच्या आज्ञांचे जुने रूप मात्र दोन्ही घरांनी सांभाळले होते, आणि ते महागात पडले : पॅच फाइलमध्ये ईडीच्या आज्ञा दिसल्या की तो त्या सरळ ईडीच्या हाती द्यायचा, आणि ईडीला वाटेल ती कमांड चालवता येते. अनोळखी माणसाकडून आलेले शुद्धिपत्र तुमच्या यंत्रावर काहीही करू शकत होते. फ्रीबीएसडीने हे २०१५ मध्ये बुजवले. ग्नूमध्ये तीच वाट २०१८ मध्ये उघडी सापडली.

गिटचा स्वतःचा ‘अप्लाय’ त्या मानाने कडक. तो जागा सरकलेली चालवून घेतो, फझ मात्र मुळात देत नाही, आणि एक हंक आपटला तर कशालाच हात लावत नाही. जुना पॅच पाचपैकी चार हंक लावून मोकळा होतो आणि अर्धवट फाइल तुमच्या गळ्यात मारतो. म्हणून जुन्याला आधी ‘ड्राय रन’ करायला सांगावे : लाव नको, लागेल का एवढेच बघ. गिटच्या पॅचमध्ये फाइल चालवण्याची परवानगीही नोंदलेली असते; जुन्या डिफमध्ये त्याला जागाच नाही.

टपालाची तर स्वतंत्र कथा आहे. लिनक्स कर्नेलचे पॅच सुरुवातीपासून आजतागायत ईमेलच्या मजकुरातून फिरतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतली ती या गर्दीला पुरी पडावी म्हणून. ईमेल सॉफ्टवेअर माणसांच्या पत्रांसाठी बनलेले. ते लांब ओळ मध्येच मोडते, टॅबच्या जागी रिकाम्या जागा घालते, ओळीच्या शेवटची मोकळी जागा छाटते. पत्राला यातले काहीच बाधत नाही, पॅचला प्रत्येक गोष्ट मारक. कर्नेलच्या दस्तऐवजांत कोणत्या ईमेल सॉफ्टवेअरला कसे वठणीवर आणायचे याचे एक सबंध पान आहे, आणि जीमेलचा ब्राउझरमधला चेहरा या कामाला चालत नाही असे त्यात बजावले आहे. गिट जी टपाली पॅच फाइल बनवते तिच्या पहिल्या ओळीत नेहमी एकच तारीख असते, सोमवार, १७ सप्टेंबर २००१. पॅच कधीही लिहिलेला असो. ती खरी तारीख नव्हेच. ही फाइल गिटने बनवली आहे हे इतर साधनांना ओळखू यावे म्हणून ठेवलेली खूण आहे.

पॅच लागला म्हणजे तो बरोबर आहे असेही नाही. शेजारच्या ओळी जुळल्या एवढेच पॅच सांगू शकतो. त्या ओळी तिथे का होत्या हे त्याच्या कक्षेबाहेरचे. डेबियनचा अनुभव याबाबत जगाला पुरून उरला. डेबियनसारखी वितरणे मूळ लेखकांचा कोड घेतात आणि आपल्या गरजेचे पॅच त्यावर थरासारखे चढवतात. २००६ मध्ये ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या सॉफ्टवेअर लायब्ररीवर डेबियनने असाच एक छोटा पॅच चढवला. स्मृतीचे दोष शोधणारे एक साधन काही ओळींवर तक्रार करत होते, की मूल्य न भरलेली जागा इथे वाचली जाते. दोन ओळी टिप्पणीत टाकून निष्क्रिय केल्या गेल्या. पॅच लागला, कोड कंपाइल झाला, तक्रार थांबली. पण त्यातली एक ओळ यादृच्छिक आकड्यांसाठी गोळा केलेला सगळा ‘कच्चा माल’ मिसळण्याचे काम करत होती. ती गेल्यावर उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे सुमारे ३२ हजार शक्यता. त्या काळात डेबियन आणि उबुंटूवर बनलेल्या किल्ल्या कुणालाही यादी करून ओळखता येण्याजोग्या होत्या. मे २००८ मध्ये लुसियानो बेलो यांच्या हे लक्षात आले.

हा पॅच फक्त डेबियनच्या घरात होता, मूळ ओपनएसएसएलमध्ये नव्हता. तरी त्याची झळ इतरत्र पोचली, कारण किल्ली एका यंत्रावर बनते आणि दुसऱ्यावर वापरली जाते. सोलारिस किंवा फ्रीबीएसडीच्या सर्व्हरवर, जिथे हा कोड कधी गेलाच नव्हता, तिथेही एखाद्या उबुंटूवाल्याची कच्ची किल्ली ‘विश्वासू’ म्हणून नोंदलेली असू शकत होती. तिथला व्यवस्थापक स्वतःचे सॉफ्टवेअर कितीही तपासत बसला, तरी त्यात दोष सापडणार नव्हता. ज्या दुरुस्तीने हे घडले ती तिच्या मूळ मालकांकडे रीतसर पॅच म्हणून पाठवली गेली असती, आणि त्यांनी ती शेजारच्या ओळींसह वाचली असती, तर कुणीतरी हरकत घेतली असती असे मला वाटते. ‘अपस्ट्रीमला पाठवा’ हा वितरणांतल्या मंडळींचा धोशा केवळ सौजन्याचा नाही. आपल्याजवळ ठेवलेला पॅच मूळ कोडच्या प्रत्येक नव्या आवृत्तीला पुन्हा लावून पाहावा लागतो. डेबियनमध्ये ‘क्विल्ट’ हे साधन आणि फ्रीबीएसडीच्या पोर्ट्समध्ये प्रत्येक सॉफ्टवेअरच्या फोल्डरमधला पॅच फाइलींचा ढीग याचसाठी असतो. ढीग जितका उंच, तितकी पुढच्या आवृत्तीच्या दिवशी झोपमोड.

उलट बाजूचे उदाहरणही ओपनएसएसएलचेच. ७ एप्रिल २०१४ रोजी हार्टब्लीड जाहीर झाला. समोरचा जितकी लांबी सांगेल तितके बाइट परत पाठवायचे, खरेच तितके आले का हे न तपासता, असा तो दोष होता. दुरुस्तीचा गाभा मोजक्या ओळींचा : सांगितलेली लांबी आलेल्या मजकुरापेक्षा जास्त असेल तर गप्प बसा. मूळ प्रकल्पाने १.०.१जी ही नवी आवृत्ती काढली. डेबियनच्या स्थिर शाखेने मात्र आपली जुनी १.०.१ई तशीच ठेवून तेवढा पॅच तीवर चढवला. स्थिर शाखेचा नियमच तो : दोष बुजवायचा, बाकी काही हलवायचे नाही. इकडे बातम्यांत सगळीकडे ‘जी’च्या आधीच्या आवृत्त्या धोक्याच्या आहेत असे सांगितले जात होते. व्यवस्थापक अपडेट करायचे, आवृत्ती विचारायचे, आणि उत्तर यायचे १.०.१ई. अपडेट झालेच नाही अशा समजुतीने कित्येकांनी चांगल्या दुरुस्त झालेल्या सर्व्हरवर मूळ कोड उतरवून हाताने कंपाइल करायचा खटाटोप मांडला. खरे उत्तर पॅकेजच्या पूर्ण नावाच्या शेपटीत होते, ‘डेब७यू५’ असे. आणि ओपनएसएसएलला सविस्तर माहिती विचारली, तर ‘बिल्ट ऑन’ या ओळीतल्या तारखेवरूनही ते कळत असे.